परक्या रणाचे घरातले पडसाद

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. युद्धाच्या बाबतीत हे अंतर अधिकच फसवे असते. लढाई हजारो मैलांवर चाललेली असते, आपल्या गावावर एकही तोफगोळा पडत नाही, शेते पिकतात, शाळा भरतात. त्यामुळे युद्ध म्हणजे सकाळी वर्तमानपत्रात वाचावयाची एक बातमी, असे घरी बसलेल्या माणसाला वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नसते. एखादे राष्ट्र परक्या भूमीवरील मोठ्या युद्धात उतरले, की त्याची करपद्धती, त्याचे कायदे, त्याची न्यायालये, इतकेच नव्हे तर त्याचे स्वयंपाकघर आणि शेजारधर्म यांनाही त्या निर्णयाची झळ लागते. युद्ध संपल्यावर यांतील काही गोष्टी पूर्वस्थितीवर येतात, काही कधीच येत नाहीत.

आज या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधाराने करावयाचा आहे. ते उदाहरण अमेरिकेचे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका युद्धमान राष्ट्र म्हणून उभी होती ती ६ एप्रिल १९१७ पासून ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत, म्हणजे अवघे एकोणीस महिने. एवढ्या अल्पावधीत त्या देशाच्या अंतर्गत जीवनात जे बदल झाले, त्यांतील कित्येक शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही पुसले गेलेले नाहीत.

दुभंगलेल्या मनाचा देश

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्धाचा भडका उडाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपल्या देशबांधवांना केवळ कृतीनेच नव्हे, तर विचारानेही तटस्थ राहण्याचे आवाहन केले होते. नोव्हेंबर १९१६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने मते मागितली ती त्यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले याच पुण्याईवर. परंतु १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध सुरू केले; मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फितविण्याचा जर्मन परराष्ट्रमंत्र्यांचा गुप्त संदेश मार्चमध्ये उघडकीस आला; आणि २ एप्रिल रोजी त्याच विल्सन यांनी काँग्रेसपुढे उभे राहून युद्धाची घोषणा मागितली. लोकशाहीला जगात निर्वेधपणे नांदता यावे यासाठी हे युद्ध आहे, असा त्यांचा दावा होता.

सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव संमत झाला. विरोध करणाऱ्या पन्नासांत काँग्रेसवर निवडून आलेली पहिली स्त्री, जेनेट रँकिन, ही होती. हा विरोध आकड्याने लहान दिसला, तरी त्याची मुळे देशात खोल होती. १९१० च्या जनगणनेनुसार त्या देशातील ऐंशी लाखांहून अधिक लोक स्वतः जर्मनीत जन्मलेले किंवा जर्मन आईबापांच्या पोटी जन्मलेले होते. आयरिश वंशाच्या लोकांना इंग्लंडविषयी प्रेम नव्हते. समाजवादी पक्षाने या युद्धाला उघड विरोध जाहीर केला. अशा देशाला एका दिशेने चालवावयाचे, तर एकमत तयार करावे लागणार, हे सरकारने ओळखले. श्रोतेहो, पुढील सर्व हकिगतीची किल्ली येथे आहे. ज्या ठिकाणी एकमत आपोआप नसते, त्या ठिकाणी युद्धाच्या घाईत ते घडविले जाते. आणि घडविताना जे तुटते, त्याचा हिशेब पुष्कळ उशिरा होतो.

चार मिनिटांचे वक्ते

युद्धघोषणेनंतर एका आठवड्यातच लोकमाहिती समिती स्थापन झाली. जॉर्ज क्रील या पत्रकाराकडे तिची सूत्रे देण्यात आली. नभोवाणी त्या काळी घराघरांत पोहोचलेली नव्हती. तेव्हा या समितीने माणसांचीच नभोवाणी उभारली. चित्रपटगृहात रीळ बदलावयास जो चार मिनिटांचा अवधी लागे, तेवढ्यात व्यासपीठावर उभे राहून युद्धाची बाजू मांडणारे स्वयंसेवक वक्ते तिने देशभर नेमले. त्यांची संख्या पंचाहत्तर हजारांपर्यंत गेली. वक्ता गावातलाच, कधी वकील तर कधी शाळामास्तर. आणि विषय मात्र वॉशिंग्टनहून आलेला. अनोळखी सरकारी अधिकाऱ्याचे भाषण ऐकून माणूस जांभई देईल. परंतु आपल्याच गल्लीतील प्रतिष्ठित गृहस्थ समोर उभा राहून कर्जरोखे घ्या असे सांगू लागला, म्हणजे नकार देणे अवघड होते.

पैशाची उभारणीही याच मार्गाने झाली. स्वातंत्र्य कर्ज या नावाने चार आणि युद्धानंतर विजय कर्ज या नावाने एक, असे पाच कर्जउभारणीचे हप्ते झाले आणि त्यांतून सुमारे २१ अब्ज डॉलर जमा झाले. अन्नाच्या बाबतीत हर्बर्ट हूव्हर यांच्या अन्नखात्याने घरोघरी सक्तीच्या शिधापत्रिका न नेता आठवड्यातील एक वार गव्हाविना, एक वार मांसाविना काढण्याचे आवाहन केले. गृहिणींकडून प्रतिज्ञापत्रे भरून घेतली गेली आणि ती घराच्या खिडकीत लावली जाऊ लागली. खिडकीत पत्र नसलेले घर साहजिकच शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येई. काटकसर करणे या अर्थी हूव्हर यांच्या नावावरून एक क्रियापदच त्या भाषेत रूढ झाले.

सैन्यभरतीचेही तेच. मे १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. युद्धाच्या अखेरीपर्यंत २ कोटी ४० लाख पुरुषांनी नावे नोंदविली आणि सुमारे २८ लाखांना या कायद्यान्वये सैन्यात घेण्यात आले. कोणाला न्यावयाचे आणि कोणाला सोडावयाचे, हे ठरविणारी चार हजारांहून अधिक मंडळे त्या त्या ठिकाणच्या नागरिकांचीच होती. वॉशिंग्टनचे सरकार तेव्हा आजच्या मानाने लहान होते. त्याच्याजवळ एवढी नोकरशाही नव्हतीच. म्हणून त्याने शेजाऱ्याच्या हाती शेजाऱ्याची चौकशी सोपविली. न्यायखात्याच्या आशीर्वादाने अमेरिकन संरक्षण संघ नावाची एक स्वयंसेवी संघटना उभी राहिली. तिचे अडीच लाख सभासद कोण काय बोलतो, कोण रोखे घेत नाही, कोण भरती चुकवितो, यांच्या टिपा ठेवीत होते. सक्तीचा हात सरकारचा असता, तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती. शेजाऱ्याविरुद्ध दाद कोठे मागावी?

भाषेवर आलेली कुऱ्हाड

या वातावरणाचा पहिला बळी ठरला तो जर्मन भाषा बोलणारा समाज. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या तेथे राहिलेली, शेती-व्यापारात नावारूपाला आलेली ही माणसे. त्यांची वर्तमानपत्रे होती, गायनमंडळे होती, शाळा आणि प्रार्थनामंदिरे होती. एका वर्षात हे सारे संशयास्पद ठरले. गावांची व रस्त्यांची नावे बदलली गेली. आंबविलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थालाही स्वातंत्र्य-कोबी हे नाव मिळाले, ही गोष्ट आज हसण्यासारखी वाटते. परंतु पुढची हसण्यासारखी नाही. बॉस्टनच्या विख्यात वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मुक यांना स्थानबद्ध करण्यात आले. आयोवा राज्याच्या गव्हर्नरांनी मे १९१८ मध्ये फर्मान काढून शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, प्रार्थनेत आणि दूरध्वनीवरील संभाषणातही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. ज्या वृद्धांना इंग्रजी येतच नव्हते, त्यांनी देवापाशी तरी कोणत्या भाषेत बोलावे?

५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल या खाणकामगारांच्या गावी रॉबर्ट प्रेगर या जर्मन वंशाच्या कामगाराला जमावाने झाडाला टांगून ठार केले. याच माणसाने अमेरिकेच्या आरमारात भरती होण्याचा प्रयत्न केला होता. अकरा जणांवर खटला चालला आणि अकराही जण निर्दोष सुटले.

आपल्या प्रांतापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहून ज्यांनी आपली मायबोली घरात, शाळेत आणि वाचनालयात जपली आहे, त्यांना या घटनेचा अर्थ अधिक सांगावयास नको. भाषा जपणे आणि देशाशी एकनिष्ठ असणे यांत विरोध नाही, हे शांततेच्या काळात सर्वांना पटते. युद्धकाळात ते विसरले जाते. नेब्रास्का राज्याने तर युद्ध संपल्यावर, १९१९ साली, आठवी इयत्ता पूर्ण न केलेल्या मुलांना इंग्रजीखेरीज अन्य आधुनिक भाषा शिकविणे हा गुन्हा ठरविला. एका शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचावयास शिकविले, म्हणून त्याला दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. न्याय मिळाला, परंतु तोवर शेकडो शाळांतून ती भाषा गेलेली होती, आणि ती पूर्वीच्या बळाने पुन्हा आली नाही.

वाणीचे स्वातंत्र्य

आता कायद्याकडे वळू. जून १९१७ मध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला आणि मे १९१८ मध्ये राजद्रोहाच्या कलमांनी तो अधिक कडक करण्यात आला. नाव हेरांचे, परंतु पकडले गेले ते बहुतांशी बोलणारे व लिहिणारे. दोन हजारांवर लोकांवर खटले भरले गेले. टपालखात्याने नापसंत नियतकालिकांची टपालाची सवलत काढून घेतली. समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज यांनी १६ जून १९१८ रोजी ओहायोतील कँटन येथे युद्धाविरुद्ध भाषण केले, म्हणून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० च्या निवडणुकीत ते तुरुंगातूनच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. त्यांची सुटका केली ती विल्सन यांनी नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या हार्डिंग यांनी, १९२१ च्या नाताळात.

१९१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या शिक्षा उचलून धरल्या. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांनी, नाटकगृहात आग लागल्याची खोटी आरोळी ठोकणाऱ्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, असा दाखला दिला. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, एब्रॅम्स खटल्यात, तेच होम्स न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्यासह बहुमताविरुद्ध उभे राहिले आणि अप्रिय मतांनाही विचारांच्या बाजारात वाव मिळाला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. पुढे अर्धशतकात अमेरिकेतील भाषणस्वातंत्र्याचा कायदा या भिन्नमताच्या दिशेनेच वाढला. राजद्रोहाची कलमे युद्धानंतर लवकरच रद्द झाली. परंतु १९१७ चा मूळ कायदा दुरुस्त्यांसह आजही अमल चालवीत आहे.

या काळाचा आपल्या देशाशी एक प्रत्यक्ष धागा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे अमेरिकेत शिकावयास गेलेले तरुण गदर चळवळीत होते. पिंगळे स्वदेशी परतले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. अमेरिका तटस्थ होती तोवर तेथील गदर कार्यकर्त्यांना फारसा उपद्रव झाला नव्हता. इंग्लंड मित्रराष्ट्र होताच चित्र पालटले. नोव्हेंबर १९१७ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे जर्मन वकिलातीचे अधिकारी आणि हिंदी क्रांतिकारक यांच्यावर एकत्र खटला चालला. २३ एप्रिल १९१८ च्या सुमारास, खटल्याच्या अगदी शेवटी, भर न्यायालयात एका आरोपीने रामचंद्र या गदर पुढाऱ्याला गोळी घालून ठार केले आणि तो स्वतःही तेथेच मारला गेला. लोकशाहीसाठी लढणाऱ्या देशात, स्वदेशाचे स्वातंत्र्य मागणारे आरोपीच्या पिंजऱ्यात होते.

ज्यांना दारे उघडली

तथापि, युद्धाने नुसते हिरावूनच घेतले, असे म्हणणे एकांगी होईल. त्याने काही बंद दारेही उघडली. स्त्रिया कारखान्यांत, कचेऱ्यांत, आगगाड्यांच्या यार्डांत कामाला लागल्या. मताधिकाराची मागणी जुनी होती. १९१७ च्या जानेवारीपासून अ‍ॅलिस पॉल यांच्या सहकारिणी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर फलक घेऊन मूकपणे उभ्या राहत होत्या आणि त्यासाठी तुरुंगातही गेल्या होत्या. परदेशी लोकशाहीचा उद्‌घोष आणि घरी निम्म्या प्रजेला मत नाही, ही विसंगती त्या फलकांवर रोज दिसत होती. ३० सप्टेंबर १९१८ रोजी विल्सन यांनी सिनेटमध्ये स्वतः जाऊन युद्धाच्या यशासाठी स्त्रियांना मताधिकार द्या, असे सांगितले. सिनेटने त्या वेळी ऐकले नाही. परंतु ऑगस्ट १९२० मध्ये घटनादुरुस्ती अमलात आली.

कृष्णवर्णीयांचे नशीब अधिक संमिश्र. युरोपातून येणाऱ्या मजुरांचा ओघ युद्धाने थांबला आणि उत्तरेच्या कारखान्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतमजुरांना हाका मारल्या. काही वर्षांत सुमारे पाच लाख लोक शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क या शहरांकडे आले. जुलै १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईस येथे त्यांच्यावर भीषण हल्ले झाले. त्याच्या निषेधार्थ न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष आणि मुले एक शब्दही न उच्चारता चालत गेली. पावणेचार लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय सैन्यात गेले, वेगळ्या पलटणींत. परत आल्यावर त्यांना १९१९ चा उन्हाळा भेटला; एकट्या शिकागोच्या दंगलीत ३८ माणसे मेली. परंतु उत्तरेत आलेली माणसे मागे फिरली नाहीत, आणि पुढच्या नागरी हक्कांच्या लढ्याला लागणारी मतांची आणि संस्थांची शक्ती याच वस्त्यांतून उभी राहिली.

युद्धाने आणखी एक पाहुणा आणला. १९१८ च्या वसंतात कॅन्ससमधील लष्करी छावणीत इन्फ्लुएन्झाची साथ दिसली. सैनिकांबरोबर ती सर्वत्र फिरली. २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फियात कर्जरोख्यांसाठी मोठी मिरवणूक निघाली. वैद्यांनी इशारा दिलेला असतानाही ती रद्द झाली नाही. दोन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर जमले आणि पुढील काही आठवड्यांत त्या शहरात बारा हजारांच्या घरात माणसे दगावली. अमेरिकेचे १ लाख १६ हजार सैनिक या युद्धात मृत्यू पावले, त्यांतील निम्म्याहून अधिक रोगाने. आणि साथीने देशात एकूण सुमारे पावणेसात लाख बळी घेतले. याच साथीने आपल्या देशात कोटीहून अधिक माणसे नेली, हे आपण विसरू शकत नाही.

काय परत आले, काय राहिले

आता हिशेब मांडू. सरकारने १९१७ च्या अखेरीस ताब्यात घेतलेले लोहमार्ग मार्च १९२० मध्ये कंपन्यांना परत मिळाले. उद्योगांचे नियंत्रण करणारे मंडळ गुंडाळले गेले. घड्याळे तासभर पुढे करण्याचा कायदा शेतकऱ्यांच्या रेट्याने १९१९ सालीच रद्द झाला. चाळीस लाखांचे सैन्य पाहतापाहता विखुरले. विल्सन यांचा वर्सायचा तह सिनेटने दोन वेळा फेटाळला. वरकरणी पाहता देश पूर्वीच्या जागी आला, असे वाटते.

परंतु तसे झाले नव्हते. प्राप्तिकराचा कमाल दर १९१३ मध्ये शेकडा ७ होता. १९१८ मध्ये तो ७७ झाला. पुढे तो उतरला, परंतु शेकडा २४ च्या खाली कधीच गेला नाही. जकात आणि मद्यावरील कर यांवर चालणारे सरकार आता उत्पन्नावरील करावर चालू लागले. राष्ट्रीय कर्ज सुमारे सव्वा अब्ज डॉलरवरून २५ अब्जांच्या पलीकडे गेले. किमती १९१४ ते १९२० या काळात जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि १९१९ मध्ये चाळीस लाखांहून अधिक कामगारांनी संप केले. जर्मनांविषयीचा संशय आता परकीय क्रांतिकारकांकडे वळला. १९१९-२० मध्ये हजारोंना वॉरंटाशिवायही पकडण्यात आले. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी परदेशातून येणाऱ्यांवर राष्ट्रवार मर्यादा घातल्या; ती व्यवस्था १९६५ पर्यंत टिकली. शत्रू संपला, तरी शत्रू शोधण्याची सवय संपली नव्हती.

आपल्या देशाचा अनुभव यापेक्षा कठोर होता. या युद्धात पडावयाचे की नाही, हे हिंदुस्थानला कोणी विचारलेच नव्हते; तरी दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्धापुरता, असे सांगितले गेले होते. युद्ध संपताच, १९१९ च्या मार्चमध्ये, त्यातील अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवण्यासाठी रौलट कायदा आला, आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली.

श्रोतेहो, युद्ध कधी करूच नये, हे सांगण्यासाठी मी हे बोललो नाही. काही युद्धे टाळता येत नाहीत आणि काही टाळणे अधर्मही ठरते. परंतु युद्धात उतरण्याचा विचार करताना राज्यकर्ते तोफा, जहाजे आणि सैन्य यांची मोजदाद करतात, तशी आणखी एक मोजदाद प्रजेने करावयास हवी. हा नवा अधिकार कोणत्या तारखेला संपेल? तो संपला नाही, तर कोणापुढे दाद मागता येईल? आपल्यापेक्षा वेगळी भाषा बोलणाऱ्या, वेगळे मत धरणाऱ्या शेजाऱ्याच्या घरावर रात्री कोणी चालून आले, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहू? सैनिक सीमेवर जे राखावयास जातो, ते घरी राखून ठेवण्याचे काम मागे राहिलेल्यांचे असते. अमेरिकेत ते काम एका न्यायमूर्तीच्या भिन्नमताने, मूकपणे चाललेल्या काही मिरवणुकींनी आणि नेब्रास्कातल्या एका शाळामास्तराच्या हट्टाने केले. ते थोडे होते. परंतु तेवढ्यांमुळेच पुढच्या पिढीला काहीतरी परत मिळाले.